एका काट्याचा वेळ

“…मग काटा लागणारच नाही असा टायर कुठला, ते तरी सांगा.”

रंगनाथअण्णा कासारांनी मान वर केली नाही. ते पेटी भरत होते. हिरव्या बांगड्यांचा जुडगा उचलायचा, कानाशी नेऊन हलकेच हलवायचा, ऐकायचा, मग फडक्यात गुंडाळून पेटीत निजवायचा. जुडग्यात एक बांगडी जरी तडकलेली असली तरी सगळा जुडगा बद्द वाजतो.

“अण्णा, टायर.”

“ऐकलं.”

“मग?”

अण्णांनी पुढचा जुडगा उचलला.

नुकते फटफटले होते. करंजवणला नवरीचा चुडा भरायचा होता तो ऊन चढायच्या आत, हळदीच्या आधी. माळ ओलांडला की करंजवण. सायकलवर किती वेळ लागतो? तरी अण्णांनी मुरलीला कोंबड्याच्या आधी उठवले होते. कशासाठी, ते सांगितले नव्हते. अण्णा कारण सांगत नसत. विचारले तर ऐकू आले नाही असे दाखवत, आणि फार विचारले तर काम सांगत.

मुरली दोन पावसाळे अण्णांच्या हाताखाली होता. कासाराचाच, पण गावं नसलेल्या घरातला. कासाराला शेत नसले तरी चालते, गावं लागतात. ज्या घरच्या लेकीला कासाराने चुडा भरला ते घर त्याचे झाले. पुढे तिच्या लेकीलाही तोच भरणार. अण्णांकडे माळावरची सगळी गावं होती. पोटी मूल नव्हते आणि उजवा गुडघा गेला होता. या लग्नसराईनंतर सायकल मारणे त्यांना जमणार नव्हते. गावं कुणाला तरी द्यायची, नाहीतर बायका तालुक्याच्या दुकानात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. मुरलीलाही. त्याचा हात चांगला होता. पण आपला हात चांगला आहे हेही त्याला ठाऊक होते, आणि तिथेच घोडे अडत होते.

“हिवऱ्याला गेलास तेव्हा चाकाला काय घातलं होतंस?” अण्णांनी विचारले.

मुरलीला तो विषय नको होता.

“बाजारातला सगळ्यात जाड टायर. आत जुन्या ट्यूबचं अस्तर, या काठापासून त्या काठापर्यंत. हवा अशी भरली की नख रुतत नव्हतं.”

“काटा लागला?”

“एकही नाही.”

“आणि?”

मुरलीने एक फडके उचलून त्याची घडी घातली.

“आणि?”

“निम्म्या बांगड्या फुटल्या.”

अण्णांचा हात पेटीवर थांबला.

“वाढल्या,” मुरलीने सुधारून घेतले. कासाराच्या तोंडी बांगडी फुटत नाही, वाढते.

हिवऱ्याला पेटी उघडली तेव्हा आत हिरवा चुरा होता. नवरीच्या आईने चटकन पदर टाकून पेटी झाकली. लेकीच्या नजरेला पडू नये म्हणून. मुरलीला कुणी एक शब्द बोलले नाही. पाणीसुद्धा विचारले नाही. नवरीचा मामा मोटरसायकल घेऊन तालुक्याला पळाला आणि दुकानातला चुडा घेऊन आला. हिवरे गेले. अण्णांच्या बापापासूनचे गाव, एका सकाळीत गेले.

“त्याच्या आधी?”

“आधी पातळ टायर होता. बांगड्या शाबूत राहायच्या. पण माळ ओलांडायचा म्हणजे तीन पंक्चर. डोहाळजेवणाला पोचलो तर बायका हात धुऊन घरी गेलेल्या.”

“मधे काहीतरी केलं होतंस.”

“हवा कमी करून बघितली. खड्ड्यात रिम टेकली आणि ट्यूब तिथंच चेपून फाटली.” मुरली उकिडवा बसला. “म्हणून तर विचारतोय. काट्याचं बघावं तर बांगडी जाते. बांगडीचं बघावं तर काटा घुसतो. तुमच्या टायरला मात्र काटा लागत नाही आणि तुमची बांगडी वाढत नाही. सगळा माळ सांगतो. कुठला टायर आहे तो? कुठून आणता?”

अण्णांनी पेटी मिटली, कुलूप लावून किल्ली कमरेला बांधली. वहाण काढली आणि पाय मुरलीपुढे धरला.

“दाब.”

मुरलीला वाटले, पाय चेपायला सांगतायत. तो दोन्ही हातांनी चेपू लागला.

“तळवा दाब, लेका. सेवा नको.”

मुरलीने तळव्यावर अंगठा रोवला. उन्हात वाळलेल्या कातड्यासारखा तळवा. अंगठा दुखला, तळवा दबला नाही.

“आता वरून.”

पावलाची वरची बाजू मऊ होती. शीर हालत होती.

“देवानं वर का जाड केलं नाही?”

“वरून कुठं काटा लागतो?”

“मग तू टायरच्या बाजूला, कुशीला अस्तर कशाला लावलंस?”

मुरलीचे बोट पावलाच्या वरच्या बाजूवरून तळव्याकडे गेले आणि परत आले.

“काटा तळव्याला लागतो. खड्डा कूस गिळते. तू कूसच बांधून टाकलीस. मग खड्डा कुणी गिळायचा? बांगड्यांनी?”

अण्णा भिंतीला धरून उठले. स्वतःची सायकल अंगणात घेतली आणि पुढचे चाक मुरलीकडे केले. मुरलीने टायर चाचपला. जमिनीला लागणारा पट्टा जाड, आत अस्तरही तेवढ्याच पट्ट्याला. कूस मात्र कानाच्या पाळीसारखी लवत होती. टायर रुंदही होता. मुरलीच्या टायरपेक्षा बोटभर नाही, पण अर्ध्या बोटाने नक्की.

“आणि हवा?”

“बस.”

मुरली सीटवर बसला. अण्णांनी खाली वाकून चाकाकडे पाहिले.

“जमिनीपाशी टायरचं जरासं पोट सुटलं पाहिजे. सुटलंच नाही तर बांगडीला त्रास. फार सुटलं तर ट्यूबला.” त्यांनी पंप पुढे केला. “तुझ्यासारखा दणकून भाकरी खाणारा पुढं आणि मी मागं. दोन्ही चाकांत अजून थोडी भर.”

“म्हणजे तुम्हीही येताय?”

“पेटी मांडीवर कोण घेणार?”

मुरलीला ते आवडले नाही. चुडा एकट्याने न्यावा, एकट्याने भरावा, हिवऱ्याला काळे झालेले तोंड एकट्याने धुवावे असे त्याच्या मनात होते. पण टायरचे गुपित हाती लागले होते. तळवा जाड, कूस मऊ, हवा पोटापुरती. एवढेच होते तर. दोन पावसाळे या माणसाने एवढे सांगितले नाही, याचा त्याला थोडा रागही आला.

निघाले.

माळावर उन्हाळ्यात दोनच पिके, सराटे आणि बाभूळ. सराटा बारका, रस्त्याच्या कडेला धुळीत दडून बसणारा. बाभळीचा काटा लांब. शेतकरी कुंपणाला फेसाट्या नेतात, काटेरी फांद्यांचे भारेच्या भारे बैलामागे ओढत नेतात, आणि वाटभर काटे सांडत जातात. ती ओढ धुळीत ओळखू येते, केरसुणी फिरवल्यासारखी.

पण सायकल काय चालली होती. मुरलीला नवल वाटत राहिले. गोटा आला, चाक त्यावरून निजल्यासारखे गेले. नाला आला, खालून धक्का आला तो वाटेतच विरला. मागे पेटीतून बांगड्यांचा आवाज येत होता, पण तो किणकिण नव्हता. झोपेत कुणी कूस बदलावी तेवढाच.

“अण्णा, हा टायर आहे की गादी?”

“पुढं बघ.”

चिंचेखाली अण्णांनी थांबायला सांगितले. उतरले. पेटी मांडीवरून खाली ठेवली ती अंगावरच्या उपरण्यावर. मग सायकल उचलायला लावून चाक हळूहळू फिरवले आणि त्यावर तळहात टेकवला. पुढचे झाले. तळहात धोतराला पुसला.

मुरलीने नेहमीप्रमाणे दोन्ही चाकांना हात लावला आणि छातीला लावला.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले.

“हे काय?”

“काय?”

“आत्ता काय केलंस?”

“तुम्ही करता तेच. चाकाला नमस्कार.”

“मी कधी चाकाला नमस्कार केला?”

“रोज करता. चिंचेखाली, ओढ्यापाशी, गावाच्या वेशीत. मीपण करतो, दोन वर्षं झाली. हिवऱ्याला जातानाही केला होता.” मुरलीचा आवाज जरा खाली आला. “तिथं काही उपयोग झाला नाही.”

अण्णा हसले. त्यांना हसताना मुरलीने फार वेळा पाहिले नव्हते. खांदे हलत होते, आवाज नव्हता. बराच वेळ हसले. मग त्यांनी मागचे चाक फिरवले, मुरलीचा हात धरला आणि टायरवर टेकवला.

काहीतरी टोचले.

मुरलीने वाकून पाहिले. रबरात एक सराटा बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याने नखाने उपटला. पुढे बाभळीचे तुटके टोक होते. तेही काढले.

“काटा एका दमात घरात शिरत नाही,” अण्णा म्हणाले. “आधी उंबऱ्यावर बसतो. चाक फिरलं की थोडा आत, फिरलं की थोडा आत.”

मुरली ते टोक तळहातावर घेऊन बघत राहिला. दोन वर्षं तो या काट्यांना हात लावून छातीला लावत आला होता.

“मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलं नाहीस. तुला ठाऊक होतं.”

…

ओढ्यापाशी थांबले तेव्हा मुरलीने स्वतःहून चाक फिरवले. चार काटे निघाले. त्याला मजा वाटू लागली. एक-एक काटा तो अण्णांना दाखवी, जसा काही मासा धरला. अण्णा बघत, आणि मान हलवत.

ओढा चढून वर आले आणि समोर करंजवणचा मांडव दिसला. केळीचे खुंट, पिवळ्या पताका. वाजंत्री जुळवाजुळव करत होते, त्याचे तुटक सूर माळावर येत होते. खाली धुळीत फेसाटी ओढल्याची खूण होती. ताजी, वाटेच्या मधोमध.

“थांबायचं?” अण्णांनी विचारले.

“गाव तर आलं की, अण्णा. आता वेशीतच बघू. की थांबू?”

“हँडल तुझ्या हातात आहे.”

मुरली थांबला नाही. त्याच्या मनात पेटी उघडत होती. आत सगळ्या बांगड्या शाबूत, नवरीची आई बघते आहे, हिवऱ्याच्या बायकांपर्यंत बातमी जाते आहे. चाक फिरत होते. फिरत होते… आणि मागून फुस्स असा आवाज आला.

सायकल थोडी डुलली, आणि मागचे चाक रिमवर बसले. मुरलीने ती टेकवण्याआधीच अण्णा पेटी छातीशी घेऊन उतरलेही होते. जणू वाटच बघत होते.

मुरली मटकन खाली बसला. समोर मांडव, मागे माळ. पेटी घेऊन पळत जावे तर धक्के. चालत जावे तर अण्णांचा गुडघा. वाजंत्री आता जुळली होती.

“तुमच्या टायरला कधी काटा लागला नव्हता,” तो म्हणाला. “माझ्या हाताला यश नाही, हेच खरं.”

“कुणी सांगितलं?”

“काय?”

“माझ्या टायरला काटा लागत नाही असं.”

“सगळे म्हणतात.”

“सगळ्यांनी मला पोचलेला बघितलंय.” अण्णांनी सीटखालची पिशवी सोडली. कात्री, घासायचा पत्रा, सोल्युशनची नळी, रबराचे तुकडे. तुकडे पुष्कळ होते, आणि नळी अर्ध्याच्या वर पिळलेली होती. “वाटेत कुणी बघितलंय? तू तर चाकाला नमस्कार करून पुढं पळालेला असतोस.”

मुरली त्या नळीकडे बघत राहिला.

“बसून काय राहिलास? चाक काढ.”

“पण अण्णा, वेळ…”

“पहाटे कशाला उठवलं तुला? मी एका काट्याचा वेळ धरून निघतो. काटा लागला तर लावायला. नाही लागला तर करंजवणला बसून चहा प्यायला.”

मुरलीने चाक काढले. ट्यूब ओढून तोंडाजवळ फिरवली. भोक डोळ्याला दिसेना, पण ओठाला वारा लागला. तिथे घासले, सोल्युशन लावले, फुंकर घातली, तुकडा दाबून धरला. अण्णा पेटी मांडीवर घेऊन बांधावर बसले होते आणि वाजंत्री ऐकत होते.

“सनईवाला नवा दिसतोय,” ते म्हणाले.

ट्यूब घालण्याआधी मुरलीने टायरच्या आतून बोट फिरवले. काटा अजून तिथेच होता. तो काढला नसता तर पुन्हा तेच झाले असते. त्याने तो अण्णांना दाखवला नाही. बांधापलीकडे टाकला. मग बाकीच्या टायरवरही हात फिरवला, हळू, सबंध, दोन्ही चाकांवरून. कुणी सांगितले नव्हते.

करंजवणच्या वेशीत पोचले तेव्हा हळद अजून वाटून झाली नव्हती.

मांडवात भागाआजी बसली होती, नवरीची आजी. तिचा चुडा अण्णांच्या बापाने भरला होता, तिच्या सुनेचा अण्णांनी. तिने मुरलीला वरपासून खालपर्यंत पाहिले. सोल्युशनने काळे झालेले हात पाहिले.

“कासारबाबा, हिवऱ्याला हिरवी वाळू घेऊन गेला तो हाच का?”

बायका हसल्या. मुरलीचे कान तापले. पूर्वी असता तर त्याने उत्तर दिले असते.

“हाच,” अण्णा म्हणाले. “हात धुवायला राख द्या त्याला.”

“भरणार कोण? तुम्ही ना?”

“तो.”

नवरीच्या आईने सासूकडे पाहिले. सासूने अण्णांकडे पाहिले. अण्णा सुपारी कातरत होते.

“बघा बाबा,” भागाआजी म्हणाली. “माझी एकच नात आहे. आज एक जरी वाढली तर तुमचा बाप वरून मला विचारील.”

मुरलीने राखेने हात घासले. अण्णांनी कुलूप काढून दिल्यावर पेटी उघडली. एक-एक फडके सोडले आणि जुडगा हलवून पाहिला. खणखणीत. दुसरा, खणखणीत. एकही बद्द नाही. नवरीच्या आईचा पदराकडे गेलेला हात खाली आला.

आता नवरीचा हात. शैला तिचे नाव. खुरपणी, मळणी केलेला हात, सांधे रुंद, तळवा टणक. बांगडी मनगटाची घ्यायची तर सांध्यांवरून जाणार नाही, सांध्यांची घ्यायची तर मनगटावर लोंबणार. मुरलीने बोटे जुळवली, अंगठा आत घेतला, बांगडी सांध्यांपर्यंत नेली. ती अडली. पोरीने भीतीने हात आवळला होता. त्याने जोर केला असता तर गेली असती, किंवा वाढली असती. बायका श्वास धरून बसल्या होत्या.

त्याने अण्णांकडे पाहिले नाही. बांगडी तिथेच धरून ठेवली.

“शेळ्या आहेत का घरी?” त्याने विचारले.

“आहेत,” शैला म्हणाली.

“त्यातली कुठली तुला न्यायची होती सासरी?”

“बांडी.”

“मग?”

“आजी देत नाही. म्हणते, तिच्याशिवाय तिला करमायचं नाही.”

“शेळीला, की आजीला?”

शैला हसली. हात सैल झाला आणि बांगडी सांध्यांवरून मनगटावर जाऊन बसली. तिला कळलेही नाही.

“बोलतो बरा,” भागाआजी पुटपुटली. “शेळीचं मात्र काही सांगू नको म्हणावं त्याला.”

त्यानंतर कुणी श्वास धरला नाही. एक-एक करत दोन्ही हात भरले. शेवटी कासाराने आपल्याकडून घालायची ती एक जास्तीची बांगडी मुरलीने घातली, आशीर्वादाची. शैला वाकून पाया पडली. आधी अण्णांच्या पडायला निघाली होती, अण्णांनी बोटाने मुरली दाखवला.

…

बायका हळदीला उठल्या. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून चहा पीत होते. मुरली पेटी आवरून त्यांच्याजवळ येऊन बसला. अंगातली भीती गेली होती आणि जुने कुतूहल परत आले होते.

“अण्णा, तालुक्याच्या दुकानात एक नवा टायर आलाय म्हणे. आतून पट्टा आहे, काटा आत जातच नाही. आणि कुशीला लोण्यासारखा मऊ.”

“हं.”

“आणू का एक जोडी? बघू तर खरं.”

“आण की. चांगला असेल.”

“खरंच काटा लागला नाही तर?”

अण्णांनी चहाचा घोट घेतला. मांडवात शैलाच्या हातांतल्या बांगड्यांचा आवाज आला. ते थोडा वेळ तो ऐकत राहिले. मग त्यांनी कमरेची पेटीची किल्ली सोडली आणि मुरलीच्या हातावर ठेवली.

“गावं आजपासून तुझी,” ते म्हणाले. “काटा लागणारच नाही असा टायर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी किल्ली परत आणून दे.”